गंजलेली ब्रेक लाइन घरी बदलताना: नळीच्या आधी नटांचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी वीसेक वर्षांची. एके दिवशी ब्रेक दाबल्यावर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. मागच्या चाकाजवळ जमीन ओली दिसली. खाली वाकून पाहिलं तर मागच्या अ‍ॅक्सलवरची लोखंडी नळी गंजून फुटलेली. फुटलेला तुकडा कापून तिथे जोड टाकला तर चालेल का, रबरी पाइप क्लिपा लावून बसवला तर चालेल का, की अख्खी नळी बदलावी? आणि हे काम घरी होण्यासारखं आहे का?

घरी होण्यासारखं आहे. मी पंचवीस वर्षं जुन्या गाड्यांचंच काम करतो आणि हाताला थोडी सवय असलेल्या माणसाला हे जमतं, असा माझा अनुभव आहे. पण आधी एक सांगतो: गाडी आहे तिथेच उभी ठेवा. मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलच्या दाबाने ऑइल नळ्यांत ढकलणाऱ्या भागात, दोन स्वतंत्र कप्पे असतात, म्हणून एका बाजूची नळी फुटली तरी उरलेल्या दोन चाकांना ब्रेक लागतो. त्यामुळे 'चालतंय तोवर चालवू' असं वाटतं. तो उरलेला अर्धा भाग फक्त एकदा सुखरूप थांबता यावं म्हणून दिलेला असतो. त्याच्या भरवशावर रोजची ये-जा करू नका.

रबरी पाइप आणि क्लिपा हा विचार तर मनातून काढूनच टाका. रेडिएटरच्या पाइपात साधारण एक-दीड बार दाब असतो आणि क्लिप तेवढ्यासाठीच बनलेली आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर ब्रेकच्या नळीत ७० ते १०० बार दाब तयार होतो. १०० बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० किलोचा भार. क्लिप तो क्षणभरही धरणार नाही. नळीवर नुसती रिंग आवळून बसणारे कॉम्प्रेशन जोडही इथे चालत नाहीत. ते पाण्याच्या किंवा हवेच्या नळ्यांसाठी आहेत. ब्रेकमध्ये जोड एकच मान्य: नळीचं टोक फुलवून, म्हणजे फ्लेअर करून, नटाने बैठकीवर, म्हणजे भोकाच्या तळाशी, आवळलेला.

मग फ्लेअर करून मध्ये जोड टाकला तर? तांत्रिकदृष्ट्या तो जोड धरतो. तरीही मी तो टाळतो, त्यामागे एक प्रसंग आहे. एका मालवाहू गाडीची मागची नळी अशीच फुटली होती. मालकाला घाई होती. मी फुटलेला हातभर भाग कापला, नवा तुकडा बसवला, हवा काढली आणि शेवटी इंजिन चालू करून पेडल पूर्ण ताकदीने दाबलं. जोड कोरडा राहिला, पण त्याच्या मागे दोन वितींवर जुनी नळी फाटली आणि पेडल तळाला गेलं. गाडी अंगणात उभी होती म्हणून कुणाला काही झालं नाही. ती जागा मी कापण्याआधी हाताने पुसून पाहिली होती आणि मला ती बरी वाटली होती. त्या दिवसापासून मी ठरवलं की गंजलेली नळी बदलायची तर एका मूळ जोडापासून दुसऱ्या मूळ जोडापर्यंत अख्खी बदलायची.

नळी बाहेरून बरी दिसते आणि तरी फुटते, याचं कारण तिच्या बनावटीत आहे. जुन्या गाड्यांतली नळी म्हणजे पोलादी पट्टी दोनदा गुंडाळून, तांब्याने भट्टीत जोडलेली दुहेरी भिंतीची नळी. बाहेरचा व्यास बहुतेक गाड्यांत ४.७५ मि.मी., म्हणजे ३/१६ इंच, आणि दोन्ही थर मिळून भिंतीची जाडी जेमतेम ०.७ मि.मी. त्यावर जस्ताचा किंवा प्लास्टिकचा लेप असतो. लेपाला एखाद्या खड्याने ओरखडा पडला की ओल लेपाखाली शिरते आणि गंज आतल्या आत पसरतो. गंज नळी सगळ्यात आधी खातो तो तिला गाडीला धरून ठेवणाऱ्या क्लिपांच्या आत, कारण तिथे चिखल आणि मीठ अडकून ओल टिकते. त्यानंतर इंधनाच्या टाकीवरचा भाग, आणि मग अ‍ॅक्सलवरची वळणं. म्हणून तपासताना मोकळा भाग पाहून समाधान मानू नका. क्लिप उघडून पाहा. नुसता तपकिरी थर चिंधीने पुसला जात असेल तर ती नळी अजून टिकेल. पोपडे निघत असतील, खड्डे लागत असतील किंवा नळी फुगल्यासारखी जाड झाली असेल तर ती गेलीच. आणि एक फुटली असेल तर बाकीच्याही तेवढ्याच वयाच्या आहेत हे लक्षात घेऊन सगळ्या पाहा.

आता मूळ मुद्दा. नळी वाकवणं आणि फ्लेअर करणं यालाच लोक घाबरतात. ते अर्ध्या दिवसाच्या सरावाने येतं. या कामात खरी डोकेदुखी होते ती जुन्या नटांची, आणि त्यांचा विचार पहिला नट हलवण्याआधीच करायला हवा. नळीच्या दोन टोकांना काय आहे ते पाहा. एका टोकाला बहुधा लवचीक रबरी होज असेल, दुसऱ्या टोकाला व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग), तीन तोंडांचा जोड किंवा ABSचं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, युनिट. तिथले आटे बिघडले तर काम एका नळीवरून तीन सुट्या भागांवर जातं. म्हणून काम ज्या दिवशी करायचं त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ तारेच्या ब्रशने नट घासा आणि गंज सोडवणारं तेल टाका. तेल दोन्हीकडून जायला हवं: नट जिथे आट्यात शिरतो तिथे, आणि नटाच्या मागे, जिथे नळी नटात शिरते तिथे. दुसरी जागा बहुतेकजण विसरतात. नट आणि नळी एकमेकांना गंजाने चिकटलेले असतात, त्यामुळे नट फिरला की नळीही पिळते आणि तुटते.

त्याच वेळी चाकांवरचे ब्लीडर निपलही, म्हणजे हवा काढायची तोंडंही, तेलात भिजवा आणि सुटतात का ते आधीच बघून घ्या. नवी नळी बसवून झाल्यावर ब्लीडर तुटला तर हवा काढायची वाटच बंद होते. तो सोडवताना आधी अगदी किंचित आवळण्याच्या दिशेने दाब द्यायचा, गंजाची पकड सुटल्याचं हाताला कळतं, मग उलटा फिरवायचा.

साधा उघडा पाना या नटांवर लावू नका. नटाच्या सहा कडांपैकी दोनच धरल्या जातात आणि मऊ नट लगेच गोल होतो. यासाठी वेगळा पाना मिळतो, रिंग पान्यासारखाच, फक्त नळी आत जावी म्हणून त्याला एक खाच असते. तो फ्लेअर नट पाना घ्याच. पण तुम्ही अख्खी नळी बदलणार असाल तर तुमच्या हातात याहूनही चांगला उपाय आहे: नळी नटाच्या अगदी जवळ कापून टाका. मग नटावर सहा कोनी सॉकेट पूर्ण बसतो आणि बहुतेक नट त्याला दाद देतात. होजच्या बाजूला काम करताना होजचं टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर होज आतून पिळते. होजही जुनी असेल तर ती याच वेळी बदला. आतून फुगलेली होज एकतर्फी झडपेसारखी वागते, चाक ब्रेक लावून तसंच राहतं, आणि मग माणूस नव्या नळीला दोष देत बसतो.

एवढं करूनही नट सुटला नाही तर उष्णता. इथे मात्र फार जपायला हवं. ब्रेक ऑइल पेट घेतं, जवळ रबरी सील असतात, मागे इंधनाची टाकी असते. नळी कापून, ऑइल पूर्ण निथळवून, आसपासचं रबर आणि प्लास्टिक काढूनच छोटी ज्योत काही सेकंद लावा. आणि जिथे ब्रेक क्लीनरचा फवारा मारला आहे तिथे ज्योत कधीच नेऊ नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतात, ते तापले की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. टाकीजवळचा नट असेल तर ज्योतीचा विषयच नको.

गाडी उचलण्याबद्दल एकच वाक्य: सपाट, कडक जमिनीवर, उरलेल्या चाकांना ओंडके लावून, गाडीचा भार स्टँडवर घ्या, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण गंज आणि ब्रेक ऑइल दोन्ही वरूनच पडतात.

नळी कोणती घ्यावी? माझं उत्तर तांबे-निकेल मिश्रधातूची. यात साधारण ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल आणि थोडं लोह व मँगनीज असतं. ती गंजत नाही, हाताने वाकते आणि साध्या अवजारानेही फ्लेअर नीट येतो. व्होल्वोने १९७०च्या दशकातच ही नळी वापरायला सुरुवात केली होती, म्हणजे ही काही नवखी गोष्ट नाही. लेप दिलेली पोलादी नळीही चालते, फक्त फ्लेअरला जास्त ताकद आणि चांगलं अवजार लागतं. स्टेनलेसची नळी पहिल्याच कामासाठी घेऊ नका. ती कडक असते, फ्लेअर तडकतो आणि बैठकीवर नीट दबत नाही. शुद्ध तांब्याची नळी मात्र अजिबात नको. ती हाताला छान मऊ लागते, पण गाडीच्या कंपनांनी तांबं हळूहळू कडक होतं आणि चिरतं. तांबे-निकेलपेक्षा तिचा रंग जास्त लालसर असतो, घेताना बघून घ्या.

व्यास जुन्या नळीइतकाच ठेवायचा. नटांच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. मीटरच्या मापातला M१०×१ नट आणि इंचातला ३/८ चा, इंचाला २४ आट्यांचा नट दिसायला जुळे आहेत. ३/८ इंच म्हणजे ९.५ मि.मी., त्यामुळे तो नट १० मि.मी.च्या भोकात सैलसर फिरतो, धरल्यासारखा वाटतो आणि आवळताना आटे सोडतो. जुना नट कॅलिपरने मोजा, आट्यांचं गेज लावा, आणि नवा नट नळीशिवाय भोकात बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघा.

फ्लेअरचेही दोन प्रकार प्रचलित आहेत. एकात टोक आत दुमडून नरसाळ्यासारखं होतं, तो डबल फ्लेअर. दुसऱ्यात टोक बाहेरून गोलसर, अळंबीसारखं दिसतं, तो बबल फ्लेअर. भोकात टॉर्च मारून बघा: तळाशी वर आलेला सुळका दिसला तर डबल फ्लेअर लागेल, खोलगट बैठक दिसली तर बबल. एकाच्या जागी दुसरा आवळला तर तो आज कदाचित धरेल, पण बैठक बिघडवेल. एकाच गाडीत दोन्ही प्रकार असू शकतात, म्हणून प्रत्येक टोक वेगळं तपासा. साधा, एकदाच फुलवलेला फ्लेअर मात्र ब्रेकमध्ये चालत नाही. त्याची कड पातळ राहते आणि चिरते. टोक दुमडून दुहेरी करण्यामागे तेच कारण आहे.

जुनी नळी शक्यतो एका तुकड्यात बाहेर काढा, तीच तुमचा नमुना. येत नसेल तर जाड तार तिच्याशेजारी वाकवून आकार उचला. लांबी दोरीने मोजा आणि बोटभर जास्त धरा, कारण फ्लेअरमध्ये थोडी लांबी जाते. मार्ग मूळचाच ठेवा. सायलेन्सरजवळून जाणारा जवळचा रस्ता सोपा दिसतो, पण त्या उष्णतेने ब्रेक ऑइल उकळू शकतं. मास्टर सिलिंडरजवळ नळीला वेटोळं दिलेलं असेल तर तेही तसंच करा. इंजिनाची कंपनं ते पोटात घेतं. वळणं बेंडरवर द्या. हाताने दिलेलं घट्ट वळण एकदा चेपलं की ते पुन्हा सरळ करून वापरू नये.

फ्लेअरचं काम असं. नळी कटरने कापायची, कटर एका फेरीला थोडाच आवळत जायचा. करवतीने कापलं तर टोक तिरपं होतं आणि फ्लेअर एका बाजूला ओघळतो. मग टोक कानशीने सपाट, आतली-बाहेरची कड साफ, आणि कीस फुंकून पूर्ण बाहेर. तो कीस ABSच्या झडपेत गेला तर महागात पडेल. मग नट नळीवर चढवायचे, दोन्ही, आणि दोन्हीची तोंडं बाहेर. दुसरा फ्लेअर झाल्यावर नट चढवायचा राहिल्याचं लक्षात आलं की तो फ्लेअर कापावाच लागतो. नळी फ्लेअरच्या अवजाराच्या पट्टीत पकडताना टोकात दाबायच्या साच्याच्या खांद्याएवढी बाहेर ठेवायची, टोकावर ब्रेक ऑइलचा थेंब लावायचा, आधी साचा दाबायचा, मग डबल फ्लेअर हवा असेल तरच शंकू. पट्टीत नळी सरकली तर फ्लेअर छोटा होतो, म्हणून पट्टीची पकड कोरडी आणि तेलकटपणाविना हवी. गाडीवरची नळी हातात घेण्याआधी टाकाऊ तुकड्यावर पाच-सहा फ्लेअर करून पाहा. चांगला फ्लेअर मधोमध, गोल, गुळगुळीत असतो. चिरलेला, कलता किंवा आखूड दिसला तर कापून पुन्हा करा. 'आवळला की बसेल' असं म्हणून ठेवलेला फ्लेअर मी आजवर गळलेलाच पाहिला आहे.

जोडणी करताना आधी दोन्ही टोकं बोटांनी, निदान तीन-चार फेरे, आत गेली पाहिजेत. त्यानंतर क्लिपा, आणि सगळ्यात शेवटी पाना. क्लिपा आधी आवळल्या की नळी ओढली जाते आणि नट तिरका चढतो. नट आवळून, पाव फेरा सोडून, पुन्हा आवळलं की फ्लेअर बैठकीवर नीट दबतो. किती आवळायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. अंदाजाने जास्त ताकद लावणं टाळा. क्लिपा रबरी अस्तराच्या हव्यात आणि मूळच्या सगळ्या जागांवर हव्यात. ज्या पत्र्याला क्लिप बसते तोच गंजून गेला असेल तर नळीचं काम थांबवा आणि आधी गाडीच्या सांगाड्याचं बघा.

ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलेलं तेच. DOT ३, DOT ४ आणि DOT ५.१ हे एका कुळातले, ग्लायकॉलचे. DOT ५ मात्र सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल चुकून पडलं तर सगळी सील फुगतात. नवं DOT ४ निदान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून बाटली त्याच दिवशी उघडलेली हवी. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलला जातो. काम चालू असताना रिझर्व्हॉयर, म्हणजे ऑइलचा डबा, रिकामं होऊ नये म्हणून पेडल थोडंसं दाबलेल्या अवस्थेत काठीने अडकवून ठेवा. मास्टर सिलिंडरचं भोक झाकलं जातं आणि ऑइल निथळत नाही. आणि ABS असलेल्या गाडीत युनिट कोरडं पडू देऊ नका. कोरडं पडलं तर आत अडकलेली हवा काढायला बहुधा स्कॅनर लावून त्याच्या झडपा चालवाव्या लागतात.

हवा काढायला मी आधी नुसत्या उताराने ऑइल येऊ देतो. काठी काढायची, ब्लीडर उघडायचा, खाली पारदर्शक नळी आणि बाटली लावायची आणि थेंब येईपर्यंत थांबायचं. वेळ लागतो, पण फेस होत नाही. नंतर मदतनीस घेऊन पेडलने: 'दाब', 'धर', ब्लीडर बंद, 'सोड'. क्रम मॅन्युअलप्रमाणे, जुन्या गाड्यांत बहुधा सगळ्यात लांबचं चाक आधी. जुन्या मास्टर सिलिंडरचं पेडल तळापर्यंत नेऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोज न वापरलेल्या टोकाला सिलिंडरमध्ये गंज असतो, सील तिथे घासली की फाटते. मागच्या अ‍ॅक्सलला भारानुसार दाब बदलणारी झडप असेल तर अ‍ॅक्सल लोंबकळत असताना ती मागचा दाब कमी करते. म्हणून तिथे भार अ‍ॅक्सलखालच्या स्टँडवर घ्या.

आता चाचणी, आणि यात सूट नाही. प्रत्येक जोड कोरडा पुसून त्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळा. इंजिन चालू करा आणि पेडल पूर्ण ताकदीने दाबून अर्धा मिनिट धरा. असं तीनदा. पेपरवर ओलसर ठिपका दिसला तर जोड थोडा सोडून पुन्हा आवळा. तरी गळला तर फ्लेअर नवा करा. सगळे जोड कोरडे आणि तरी पेडल हळूहळू खाली जात असेल तर बहुधा मास्टर सिलिंडरची सील गेली आहे. त्यानंतर मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने, पाच-सहा वेळा थांबून पाहा.

एक गोष्ट मात्र मी घरी करू नका असं सांगेन: नळी टाकीच्या वरून किंवा इंजिनाखालच्या चौकटीच्या आतून जात असेल आणि ती काढायला टाकी किंवा चौकट उतरवावी लागणार असेल, तर ते काम लिफ्ट असलेल्या गॅरेजकडे द्या. अ‍ॅक्सलवरची तुमची नळी त्यात मोडत नाही, म्हणून ती स्वतः करा.

आठवड्याने गाडी पुन्हा उचला, नटांभोवती बोट फिरवा आणि क्लिपांपाशी नवी नळी कुठे पत्र्याच्या कडेला घासते का ते पाहा. तांबे-निकेल मऊ असतं. घासल्याची चकाकणारी रेघ दिसली तर तिथे क्लिप सरकवा किंवा नळी बोटभर बाजूला वाकवा.